शास्त्र शिकणाऱ्यानें सांगावयासही शिकावें

शेतकऱ्यांचीं मुलें आतां कृषि महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाऊं लागलीं आहेत, ही आम्हां सर्वांच्या समाधानाची गोष्ट आहे. सुटींत मुलगा किंवा मुलगी घरीं आली म्हणजे मातीचा विषय कसा चालला, किडीरोगांचें काय शिकविलें, यंत्रें हाताळावयास मिळालीं कीं नाहीं, अशी वडील माणसें कौतुकानें चौकशी करतात. परंतु त्याच अभ्यासक्रमांत ‘संवादकौशल्य’ नांवाचा एक विषय आहे, असें कानावर आलें कीं घरांत हंसूं पिकतें. ‘बोलावयास काय शिकावयाचें? तें आईनें शिकविलेंच आहे,’ असें म्हणून तो विषय बाजूस पडतो. विद्यार्थीही त्याकडे गुणांपुरतेंच पाहतात. आणि पदवी हातीं आल्यावर, जें शिकलों तें दुसऱ्यास समजेल अशा रीतीनें सांगतां येत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत येतें.

आमच्या मतें हा विषय हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. विहिरीस पाणी भरपूर आहे, मोटार चांगली आहे, पण पाट जागोजाग फुटलेला आहे, अशा मळ्यांतील शेवटचा वाफा कोरडाच राहावयाचा. शास्त्राचेंही तसेंच आहे. संशोधकानें दहा वर्षें खपून काढलेला निष्कर्ष शेतकऱ्याच्या हातांत नीट पडला नाहीं, तर त्या खटपटीचा उपयोग काय? आणि तो अर्धवट पडला, तर उपयोग दूरच राहो, अपायही होतो. निरोप पोंचला कीं नाहीं, हें सांगणाऱ्याच्या वक्तृत्वावरून ठरत नाहीं. ऐकणाऱ्याच्या हातून पुढें काय घडलें, त्यावरून ठरतें. एवढी एक गोष्ट शास्त्र व तंत्रविद्या शिकणाऱ्या तरुणांच्या मनावर बिंबली, तर बाकीचा अभ्यास आपोआप मार्गीं लागेल. म्हणून या लेखांत तिचाच थोडा विस्तार करावा, असें योजिलें आहे.

आंकडा आणि माप

प्रथम रोजच्या व्यवहारांतील एक उदाहरण घेऊं. एखाद्या शिफारशींत ‘हेक्टरी १०० किलो नत्र द्यावें’ असें वाक्य असतें. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनें तें पूर्ण व बिनचूक आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्यांत दोन गांठी आहेत. पहिली गांठ हेक्टराची. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असतें. बांधावरचें बोलणें मात्र अजून एकर-गुंठ्यांत चालतें. गुंठा व आर हीं मापें जवळजवळ सारखींच आहेत; पण एकराचे गुंठे ४० आणि हेक्टराचे आर १००, म्हणून एक हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर. दुसरी गांठ नत्राची. नत्र म्हणजे युरिया नव्हे. युरियांत नत्र शेंकडा ४६ असतें. तेव्हां १०० किलो नत्रासाठीं सुमारें २१७ किलो युरिया हेक्टरास लागेल, आणि एका एकरास ८८ किलो, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोणी.

आतां पाहा: हेक्टराचा हा हिशेब कोणीं एकरास लावला, तर दोन गोणींच्या जागीं पांच गोणी पडतात. खर्च अडीचपट होतो, पीक नुसतें हिरवेंगार माजतें, रस शोषणाऱ्या किडींस आयतें आमंत्रण मिळतें. शिफारस खरी, शेतकरी कष्टाळू, खत चोख. तरी नुकसान झालें. कोठें झालें? मधल्या वाक्यांत झालें. ‘हेक्टरी १०० किलो नत्र’ याच्या जोडीस ‘म्हणजे एकरीं सुमारें दोन गोणी युरिया, तोही एकदम न देतां हप्त्यांनीं’ एवढे शब्द लिहिले असते, तर हा अनर्थ टळता. हे शब्द सुचणें, ही बुद्धीची नव्हे तर संवयीची गोष्ट आहे. आणि संवय अभ्यासानेंच लागते.

मापाची गफलत अडाणी माणसाचीच होते, असें कोणीं समजूं नये. अमेरिकेनें मंगळाकडे धाडलेलें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं नष्ट झालें. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, एका बाजूच्या तंत्रज्ञांनीं दिलेले आंकडे पौंडाच्या पद्धतीचे होते व दुसऱ्या बाजूनें ते मेट्रिक पद्धतीचे समजून वापरले. दोन्हीं बाजूंस गणितांत निष्णात माणसें होतीं. उणीव गणितांत नव्हती. एकानें दुसऱ्यास काय कळविलें आणि दुसऱ्यानें काय समजून घेतलें, यांत होती. मंगळाच्या यानाची जी कथा, तीच आमच्या खताच्या गोणीची.

जेथें प्राणाशीं गांठ असते

गोणी जास्त पडली तर पैसा जातो. औषधाच्या बाबतींत प्राण जातो. १९१७ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोकांस इस्पितळांत न्यावें लागलें. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट व उष्ण, अंगावर संरक्षक कपडे नाहींत, दोन-तीन औषधें एकत्र कालविण्याची रीत, आणि मजुरास औषधाची पुरती माहिती नाहीं. सर्व दोष शब्दांवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु धोक्याची माहिती जेथें पोंचावयास हवी होती तेथें ती पोंचली नाहीं, हें त्यांतील एक कारण होतेंच.

औषधाच्या डब्यावरील चौकोनी चिन्ह सर्वांनीं पाहिलें असेल. १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम यांप्रमाणें तें छापावें लागतें. चौकोन कोनावर उभा असतो व त्याचे दोन त्रिकोण पाडलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दाखवितो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी. नियम करणाऱ्यांची योजना शिस्तीची आहे. परंतु शहरांतील चौकांत हिरवा दिवा म्हणजे ‘खुशाल जा’ असें शिकलेल्या डोळ्यास हिरवा त्रिकोण दिसला, तर तो ‘निर्धोक’ असा अर्थ घेणार नाहीं काय? वस्तुतः हिरव्याचाही अर्थ ‘सावध राहा’ असाच आहे; तें औषधही विषच आहे. तसेंच पिवळ्यापेक्षां निळा सौम्य, हें न सांगतां कोणास उमगेल?

येथें पुढें होणाऱ्या कृषि पदवीधराचें काम दिसतें. चिन्ह बदलणें त्याच्या हातीं नाहीं. पण डबा हातांत घेऊन, मजुरास जवळ बोलावून, ‘हा रंग कशाचा? याचा अर्थ तुम्ही काय समजतां?’ असें विचारणें त्याच्या हातीं आहे. फवारणी मालक करीत नाहीं, मजूर करतो. म्हणून सांगणें मालकास सांगून भागत नाहीं. कोणास सांगावयाचें हें ओळखणें, हा या विद्येचा पहिला धडा होय.

पावसाचे शब्द

हवामानाच्या अंदाजाची गोष्ट अशीच आहे. ‘तुरळक ठिकाणीं पाऊस पडेल’ असें ऐकून कित्येकजण ‘पाऊस थोडा पडेल’ असें समजतात. हवामानखात्याच्या परिभाषेंत ‘तुरळक’ हा शब्द पावसाच्या जोरास लावलेला नसून जागेस लावलेला आहे. त्या विभागांतील पर्जन्यमापन केंद्रांपैकीं शेंकडा २५ पर्यंत केंद्रांवर पाऊस, तर ‘तुरळक ठिकाणीं’. २६ ते ५० असेल तर ‘कांहीं ठिकाणीं’. ५१ ते ७५ असेल तर ‘बऱ्याच ठिकाणीं’. त्याहून अधिक असेल तर ‘बहुतेक सर्व ठिकाणीं’. म्हणजे तुरळक ठिकाणीं पडलेला पाऊस एखाद्या शिवारांत नाला फोडून जाणाराही असूं शकतो.

त्याचप्रमाणें ‘यंदा पाऊस सरासरीच्या ९८ टक्के’ हें वाक्य. हा अंदाज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आणि साऱ्या देशाचा असतो. १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली ही सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात, व ९६ ते १०४ टक्क्यांस सर्वसाधारण पाऊस म्हणतात. आमच्या तालुक्यांत पेरणी कधीं करावी, मध्यें किती दिवस उघडीप पडेल, याचें उत्तर त्या एका आंकड्यांत नाहीं. तें त्यांत नसतें, हें सांगणेंही शास्त्रज्ञाचें कर्तव्य आहे. नाहींतर पुढें पीक वाळलें म्हणजे शेतकरी ‘खात्याचा अंदाज खोटा’ म्हणतो, आणि पुढल्या वर्षीं खरा इशारा आला तरी ऐकत नाहीं. एकदां उडालेला विश्वास परत बसण्यास फार वर्षें लागतात.

मान हलली म्हणजे समजलें असें नव्हे

आमची उमेदीचीं वर्षें महसुली दप्तरांत गेलीं. त्या कामांत लोकांस नोटिसा वाचून दाखविण्याचा प्रसंग वारंवार येई. ‘समजलें का?’ म्हणून विचारलें कीं, ‘होय, भाऊसाहेब,’ हें उत्तर ठरलेलें. तोच गृहस्थ पायऱ्या उतरून झाडाखालीं बसणाऱ्या अर्जनविसास विचारी, ‘काय वो, ह्यात काय लिवलंय?’ यांत त्या माणसाचा दोष नव्हता. कचेरींत ‘नाहीं समजलें’ असें म्हणणें त्यास कमीपणाचें वाटे; आणि भाषाही अशी असे कीं, ‘उपरोक्त फेरफारास हरकत असल्यास १५ दिवसांचे आंत लेखी कळविणें’ या एका ओळींत त्याचे चार शब्द अडकत.

आमचे एक वडील सहकारी होते. त्यांनीं ‘समजलें का?’ हा प्रश्न विचारणेंच सोडून दिलें होतें. ते विचारीत, ‘काका, आतां घरीं गेल्यावर काकूंस काय सांगाल?’ एकदां एका म्हाताऱ्यानें उत्तर दिलें, ‘सांगन कीं पंधरा दिसांनीं तालुक्याला जायाचं हाय.’ नोटिशींत होतें ‘पंधरा दिवसांचे आंत’. त्यानें घेतलें ‘पंधरा दिवसांनीं’. हा प्रश्न विचारला नसता, तर मुदत टळून त्याची हरकत गेली असती, आणि ती हरकत वडिलार्जित जमिनीच्या वांट्याची होती. अलीकडे डॉक्टरांच्या शिक्षणांत हीच रीत शिकवितात, असें आम्ही वाचलें आहे. औषध कसें घ्यावयाचें हें सांगून झाल्यावर रोग्याकडून तें त्याच्या शब्दांत वदवून घ्यावयाचें. त्यांत रोग्याची परीक्षा नसते. आपण नीट सांगितलें कीं नाहीं याची, म्हणजे डॉक्टराची परीक्षा असते. कृषि पदवीधरानें व यंत्रविद्या शिकणाऱ्यानें ही रीत अवश्य उचलावी.

अभ्यासकांस काय आढळलें

हा केवळ आमच्या कचेरीचा अनुभव नव्हे. नवें ज्ञान लोकांत कसें पसरतें, याचा विद्वानांनीं पद्धतशीर अभ्यास केला आहे, आणि त्याचा आरंभ शेतींतूनच झाला, हें शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत संकरित मक्याचें बीं आल्यावर ब्राइस रायन व नील ग्रॉस या दोघां अभ्यासकांनीं दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांची चौकशी करून १९४३ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांस असें दिसलें कीं, नव्या बियाण्याची वार्ता बहुतेकांस प्रथम विक्रेत्याकडून कळली. परंतु तें लावण्याचा निश्चय मुख्यतः शेजाऱ्याचें शेत पाहून व त्याचें ऐकून झाला. म्हणजे कळणें निराळें आणि पटणें निराळें. पत्रकानें कळतें, पटण्यास ओळखीचा माणूस व डोळ्यांनीं पाहिलेलें पीक लागतें. पुढें १९६२ सालीं एव्हरेट रॉजर्स यांनीं अशा अनेक अभ्यासांचा मेळ घालून ग्रंथ लिहिला, आणि तो आज जगभर विस्तार शिक्षणाच्या वर्गांतून अभ्यासिला जातो.

आपल्या महाराष्ट्रांतही असा एक मोठा प्रयोग झालेला आहे. १९५६ सालीं पुणें आकाशवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत ग्रामीण श्रोतृमंडळें स्थापिलीं. दहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गांवांतील सुमारें वीस माणसें एकत्र बसून तो ऐकत, आणि ऐकून उठून जात नसत. त्यावर आपसांत चर्चा करीत, शंका असतील त्या केंद्राकडे कळवीत. ज्या गांवीं नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, त्यांच्याशीं तुलना करून पाहतां मंडळांच्या गांवांत ज्ञानाची वाढ पुष्कळच अधिक झाली. यंत्र दोन्हींकडे तेंच, आवाज तोच; फरक पडला तो उलट विचारण्याच्या सोयीमुळें. तमिळनाडूंत तंजावर भागांत रेडिओवरून प्रसार झालेल्या ए.डी.टी. २७ या भाताच्या जातीस लोक ‘रेडिओ भात’ म्हणूं लागले, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. आज प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे व त्यावर रोज दहा सल्ले येतात. परंतु सल्ला देणाऱ्यास उलट प्रश्न विचारतां येत नसेल, तर पुण्याच्या प्रयोगाचा धडा आपण विसरलों असें म्हणावें लागेल.

अभ्यास कसा करावा

आतां विद्यार्थ्यांस उद्देशून दोन शब्द. कृषि पदवीच्या अभ्यासक्रमांत संवादकौशल्य व विस्तार शिक्षण हे विषय आहेत, आणि चवथ्या वर्षीं ग्रामीण कार्यानुभवासाठीं विद्यार्थ्यांस गांवीं राहावें लागतें. आमच्याकडे मुलांस ‘कृषिदूत’ व मुलींस ‘कृषिकन्या’ म्हणतात. तीं येतात, रांगोळीनें गांवाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया, मुरघास, बोर्डो मिश्रण यांचीं प्रात्यक्षिकें करून दाखवितात. ही संधि उत्तम आहे. फक्त ती वहीवर सही घेण्यापुरती नसावी.

बोर्डो मिश्रणाचेंच पाहा. ‘एक टक्का बोर्डो मिश्रण तयार करावें’ असें वाचून दाखविणें हें सांगणें नव्हे. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यांत, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरांत, भांडीं प्लास्टिकचीं किंवा मातीचीं, लोखंडाचीं नव्हेत. मग दोन्हीं द्रावणें तिसऱ्या पिंपांत एकदम ओतावयाचीं व काठीनें ढवळावयाचीं, हें करून दाखवावें. नंतर शेतकऱ्याच्याच हातांतील स्वच्छ विळा त्या मिश्रणांत क्षणभर बुडवावा. पात्यावर तांबूस थर आला, तर मोरचूद मोकळें राहिलें आहे, आणखी चुन्याची निवळी घालावी. थर आला नाहीं, तर मिश्रण जमलें, तें त्याच दिवशीं वापरावें. विळ्यावरचा तो तांबडा थर ज्यानें एकदां पाहिला, तो जन्मभर विसरणार नाहीं. मग पुढचा डाव शेतकऱ्याकडून करवून घ्यावा व आपण हात बांधून पाहावें. जेथें त्याचा हात अडेल, तेथें आपलें सांगणें अपुरें होतें असें समजावें.

शब्दांविषयींही असाच विचार हवा. ‘गुलाबी बोंडअळीनें आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावर फवारणी करावी’ हें वाक्य परीक्षेंत पूर्ण गुण मिळवील. बांधावर तें शून्य आहे. त्याच्या जागीं ‘शेतांत फिरून वीस हिरवीं बोंडें तोडा व फोडून पाहा, दोहोंत किंवा त्याहून अधिकांत अळी सांपडली, तर फवारणीची वेळ आली’ असें म्हणावें. अळी लागून न उमलतां मिटलेल्या फुलास शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतो. तोच शब्द आपणही वापरावा. लोकांच्या शब्दांत शास्त्र बोललें, म्हणून तें हलकें होत नाहीं.

या सर्वांचें सार पांच संवयींत सांगतां येईल. पहिली, बोलण्यापूर्वीं ऐकणें; शेतकऱ्यानें आजवर काय करून पाहिलें, हें आधीं विचारावें. दुसरी, कोणताही आंकडा मापाशिवाय न उच्चारणें. औषध दहा मिलिलिटर म्हटलें कीं किती लिटर पाण्यास व कोणत्या पंपास, हें जोडून यावें. तिसरी, ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द वापरणें. चवथी, करून दाखविणें व त्याच्याकडून तें करवून वा वदवून घेणें. पांचवी, जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं म्हणणें, आणि विचारून येऊन ठरल्या दिवशीं उत्तर देणें. पांचवी सर्वांत अवघड आहे. पण गांवांत माणसाची पत तिच्यावरच बसते.

इंग्रजीचें भय पुष्कळांस असतें. शास्त्राचे निबंध व कंपन्यांचे अहवाल बहुधा इंग्रजींत असतात, म्हणून ती भाषा शिकलीच पाहिजे. परंतु ज्यास स्वतःच्या मायबोलींत एक प्रक्रिया सात-आठ सरळ वाक्यांत क्रमवार लिहितां येत नाहीं, त्याचें इंग्रजी लेखनही गोंधळाचेंच होईल. आधीं विचार सरळ, मग भाषा कोणतीही. रोज एक पान असें लिहावें कीं घरांतील शाळा न शिकलेल्या माणसास वाचून दाखवितां येईल, आणि त्यानें अडविलें तेथें खूण करून तें पुन्हां लिहावें. याहून स्वस्त व चांगली शिकवणी दुसरी नाहीं.

पोटापाण्याच्या दृष्टीनें

कोणी म्हणेल, हें सारें परोपकाराचें झालें. नोकरीस याचा काय उपयोग? आमचें उत्तर असें कीं, शास्त्राच्या बहुतेक नोकऱ्या आतां सांगण्याच्याच आहेत. २१ जानेवारी २००४ रोजीं सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरांत पहिला दूरध्वनि घेणारे कृषि किंवा तत्सम विषयांचे पदवीधर असतात. त्यांस पान दिसत नाहीं, कीड दिसत नाहीं; नुसत्या प्रश्नांवरून रोग ओळखावयाचा. ‘पानें पिवळीं पडलीं’ एवढें ऐकून औषध सांगणारा व ‘वरचीं कीं खालचीं? शिरा हिरव्या आहेत का? शेवटचें पाणी कधीं दिलें?’ असें विचारणारा, यांत पगाराचा कोण खरा धनी?

माती परीक्षणाचें काम घ्या. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक व सूक्ष्म अन्नद्रव्यें असे बारा आंकडे येतात. प्रयोगशाळेंत ते काढणारा पाहिजेच. पण ‘यंदा तुम्हीं कोणतें खत कमी करावें व कोणतें वाढवावें’ असा त्यांचा अर्थ लावून देणारा नसला, तर ती पत्रिका देव्हाऱ्यामागें जाऊन पडते. ठिबक बसविणारा तंत्रज्ञ, जनावरांचा डॉक्टर, बियाण्याच्या कंपनीचा क्षेत्राधिकारी, कृषिसेवा केंद्र चालविणारा दुकानदार, या सर्वांस हेंच लागतें. दुकानदारांसाठीं तर हैदराबादच्या मॅनेज संस्थेनें २००३ सालीं एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमच काढला. कारण शेतकरी सल्ला बहुधा जेथें माल घेतो तेथेंच विचारतो, हें त्यांनीं ओळखलें.

शेतकऱ्यांचें कर्तव्य

शेवटीं आमच्या शेतकरी बंधुभगिनींस विनंति. शिकवणें एका हातानें होत नाहीं. यंदा गांवीं कृषिदूत व कृषिकन्या येतील, तेव्हां त्यांस चहा पाजून, ओळीनें उभें राहून छायाचित्र काढून परत पाठवूं नये. त्यांस बांधावर न्यावें. आपली खरी अडचण सांगावी. समजलें नाहीं तर ‘पोरी, पुन्हां सांग, एकराच्या हिशेबानें सांग,’ असें मोकळेपणानें म्हणावें. त्यांत आपला कमीपणा नाहीं आणि तिचा अपमान नाहीं. उलट महाविद्यालयांत न मिळालेला धडा तिला आपल्या शेतांत मिळेल. आणि आपलाच मुलगा शास्त्र शिकत असेल, तर त्याला सुटींत एक काम अवश्य सांगावें: घरच्या औषधाच्या डब्यावरील सर्व मजकूर आजीस व सालदारास समजेल अशा शब्दांत सांगून, तो त्यांच्याकडून वदवून घ्यावा. तेवढें त्यास साधलें, तर त्याची विद्या घरास व गांवास फळली, असें खुशाल समजावें.